नोकरीच्या अर्जात कोणाचे नाव द्यावे?

पदवीचे निकाल लागले की दर वर्षी आमच्याकडे माजी विद्यार्थ्यांचे दूरध्वनी येऊ लागतात. निकालाची बातमी सांगून होते, घरच्यांची विचारपूस होते, आणि मग थोडे चाचरत प्रश्न येतो, "सर, अर्जात दोन रेफरन्स मागितले आहेत. कोणाची नावे लिहू?" कोणी रांजणगावच्या वा सणसवाडीच्या कारखान्यात अर्ज करीत असतो, कोणी पुण्यातील बँकेत किंवा संगणक कंपनीत, तर कोणी एखाद्या सामाजिक संस्थेत. अर्जातील बाकीचे रकाने त्याने स्वतःच भरलेले असतात. नाव, पत्ता, शिक्षण, गुण यांत विचारण्यासारखे काही नसते. हा एकच रकाना असा असतो की तो भरताना दुसऱ्या माणसाची आठवण करावी लागते. ज्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला हाच पहिला, त्या घरात या रकान्यात काय लिहावे हे सांगणारे कोणी नसते. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रारंभी एक प्रसंग सांगितला पाहिजे. आपल्या वसतिगृहात दहावीपर्यंत राहिलेला एक विद्यार्थी काही वर्षांपूर्वी वाणिज्य शाखेचा पदवीधर झाला. एका कंपनीच्या लेखाविभागात त्याने अर्ज केला. मोठे नाव असावे म्हणून त्याच्या वडिलांनी दोन दिवसांची मजुरी बुडवून, दोन खेपा घालून एका पुढाऱ्याचे पत्र मिळविले. दुसरे नाव मुलाने आपल्या चुलत्यांचे दिले. कंपनीतून चौकशी झाली तेव्हा पुढाऱ्याच्या कार्यालयातील माणसाला हे नावच आठवेना. चुलत्यांनी पुतण्याची तोंडभर स्तुती केली; परंतु आडनाव एकच असल्याचे विचारणाऱ्याच्या लक्षात आले आणि संभाषण तिथेच आटोपले. पुढे कंपनीचे बोलावणे आले नाही. कारण कोणी कळविले नाही. ते सहसा कोणी कळवीतही नाही.

हा मुलगा महाविद्यालयाची तीन वर्षे रोज संध्याकाळी एका घाऊक किराणा दुकानात हिशेब लिहीत असे. लेखाविभागातील नोकरीसाठी याहून चांगला साक्षीदार कोणता? पण त्या दुकानमालकांचे नाव अर्जात नव्हते. का दिले नाही, असे आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, दुकानदाराचे नाव काय द्यायचे?"

या एका उत्तरात आपल्या समाजातील अनेक तरुणांची अडचण सामावलेली आहे. आपल्याजवळ 'मोठी माणसे' नाहीत, म्हणून आपल्याजवळ कोणीच नाही, असे त्यांना वाटते. हा समज दूर व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू.

वशिला, दाखला आणि संदर्भ

आपल्याकडे या तीन गोष्टींची नेहमी सरमिसळ होते. वशिला म्हणजे एखाद्याच्या अधिकाराचे वजन आपल्या पारड्यात टाकणे. तिथे प्रश्न असतो, 'हा कोणाचा माणूस?' दाखला म्हणजे नोंदवहीच्या आधारे दिलेले प्रमाणपत्र. शाळा सोडताना वा महाविद्यालयातून बाहेर पडताना मिळणारा वर्तणुकीचा दाखला बहुधा सर्वांना एकाच मजकुराचा मिळतो. विद्यार्थ्याविरुद्ध काही नोंद नाही, एवढेच त्यावरून कळते. संदर्भ ही तिसरी आणि निराळी गोष्ट. नोकरी देणाऱ्याला जाणून घ्यायचे असते की हा माणूस काम कसे करतो, वेळ पाळतो का, चूक झाली तर कबूल करतो का, चार माणसांत कसा वागतो. गुणपत्रिकेवरून हे समजत नाही. म्हणून ज्याने हे डोळ्यांनी पाहिले आहे अशा माणसाचे नाव ते मागतात.

संदर्भ देणारी व्यक्ती म्हणजे आपल्या कामाचा साक्षीदार, हे एकदा ध्यानात आले की निवडीचा निम्मा प्रश्न सुटतो. साक्षीदार किती मोठा याला फार अर्थ नसतो. त्याने काय पाहिले, याला असतो.

बाबासाहेबांच्या आयुष्यातील तीन साक्षीदार

बाबासाहेबांचे चरित्र आपल्या घराघरांत वाचले जाते. त्यातील काही प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहेत.

मुंबईच्या चर्नी रोड बागेत एक शाळकरी मुलगा रोज पुस्तक घेऊन वाचीत बसतो, हे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी पाहिले. त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा झालेल्या सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे शिक्षणाला पैसा अपुरा पडू लागला, तेव्हा याच केळुसकरांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. महाराजांनी भीमरावांना भेटीस बोलाविले, प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात जाण्याची वाटही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीने खुली झाली.

या प्रसंगात दोन गोष्टी आहेत. केळुसकर धनवान नव्हते, सत्ताधारीही नव्हते. ते शिक्षक होते आणि त्यांनी मुलाचे वाचन स्वतः पाहिले होते. म्हणून त्यांच्या शब्दाला किंमत आली. दुसरी गोष्ट अशी की त्या शब्दाने केवळ भेट घडवून आणली. महाराजांपुढे उत्तरे भीमरावांनाच द्यावी लागली.

कोलंबियात प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे त्यांचे गुरू. लंडनमधील अर्थशास्त्रज्ञांशी त्यांचा परिचय पत्राने करून देणारे तेच, आणि १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथाला प्रस्तावना लिहिणारेही तेच. विद्यार्थी विद्यापीठ सोडून गेल्यावर इतक्या वर्षांनीही गुरू त्याच्या कामाविषयी लिहू शकले, याचे कारण उभयतांमधील संबंध तुटला नव्हता. पदवी हाती पडताच प्राध्यापकांशी संपर्क संपविणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

तिसरे उदाहरण सर्वांत बोलके आहे. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याची प्रस्तावना लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील प्राध्यापक एडविन कॅनन यांनी लिहिली. त्या प्रस्तावनेत कॅनन स्पष्टपणे सांगतात की लेखकाचे बरेचसे युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत; आणि तरीही त्याच्या विचारांतील ताजेपणाची मोकळेपणाने दाद देतात. आपल्याशी मतभेद असलेल्या माणसाने आपल्या बुद्धीची दिलेली ही ग्वाही कोणत्याही स्तुतिपत्राहून वजनदार आहे. ज्या प्राध्यापकांनी आपल्याला कधी खडसावले, प्रकल्प परत लिहायला लावला, त्यांचे नाव टाळू नये. त्यांनी आपले काम बारकाईने पाहिलेले असते.

मात्र याच चरित्रात एक कटू पानही आहे. १९१७ साली कोलंबिया आणि लंडन येथे शिकून बाबासाहेब बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा खुद्द महाराजांचा पाठिंबा असूनही त्यांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. नाव लपवून ज्या पारशी विश्रामगृहात ते उतरले होते तेथूनही त्यांना निघावे लागले. उत्तम शिफारसही जातीची भिंत पाडू शकली नाही.

आजची अडचण

ती भिंत आज पूर्णपणे पडली आहे, असे म्हणता येत नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा एक अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. खासगी क्षेत्रातील जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, परंतु निरनिराळ्या आडनावांचे अर्ज त्यांनी पाठविले. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावांपेक्षा कमी आढळली. त्याच सुमारास अश्विनी देशपांडे आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्लीतील विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. नोकरी शोधताना घरच्या ओळखींचा जो आधार इतरांना मिळतो तो दलित विद्यार्थ्यांना फारसा मिळत नाही, हे त्यातून पुढे आले.

हे वाचून निराश होण्याचे कारण नाही. पण त्यावरून एक गोष्ट शिकावी. ज्याच्या मागे ओळखींचे जाळे आहे त्याचा संदर्भाचा रकाना ढिसाळ असला तरी निभावून जाते. आपल्या मुलांचे तसे निभावत नाही. म्हणून हा रकाना आपण इतरांपेक्षा अधिक विचाराने भरला पाहिजे.

कोणाची निवड करावी

बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन नावे मागतात. तिघेही एकाच प्रकारचे नसावेत.

पहिले नाव आपल्याला शिकविणाऱ्याचे असावे. विभागप्रमुखांचे पद मोठे असते, परंतु त्यांच्या वर्गात आपण शंभरांतील एक असू, तर ते काय सांगणार? ज्यांच्या हाताखाली प्रकल्प केला, प्रयोगशाळेत काम केले, ज्यांच्या तासाला चर्चासत्रात बोललो, असे कनिष्ठ प्राध्यापकही अधिक उपयोगाचे.

दुसरे नाव आपल्याकडून काम करून घेतलेल्याचे असावे. इथेच आपली मुले संकोच करतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत 'कमवा आणि शिका' योजना चालते. त्या योजनेत ग्रंथालयात, कार्यालयात वा बागेत काम केले असेल, तर ज्यांच्या देखरेखीखाली ते केले ते उत्तम संदर्भ होत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करून श्रम आणि शिक्षण एकत्र नांदविले. त्या परंपरेत शिकलेल्याने श्रमाची लाज बाळगू नये. कारखान्यातील शिकाऊ उमेदवारीतला सुपरवायझर, शिकवणीवर्गाचे चालक, औषधांच्या दुकानाचे मालक, खानावळीचा हिशेब सोपविणाऱ्या मावशी, यांतील प्रत्येक जण आपल्या वक्तशीरपणाविषयी आणि प्रामाणिकपणाविषयी ठोस सांगू शकतो.

तिसरे नाव आपल्याला माणूस म्हणून ओळखणाऱ्याचे असावे. राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी सात दिवसांच्या शिबिरात आपल्याला सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत पाहतात. वसतिगृहाचे गृहपाल किंवा शाळेचे मुख्याध्यापकही चालतील. पण शाळा सोडून फार वर्षे झाली नसावीत. चौदा वर्षांच्या मुलाची आठवण सांगून बावीस वर्षांच्या पदवीधराची ग्वाही देता येत नाही. आम्हीही अशा वेळी विद्यार्थ्याला सांगतो, "आमचे नाव तिसरे ठेव. पहिल्या दोन जागी अलीकडे तुला पाहिलेली माणसे असू देत."

कोणाची नावे टाळावी

नातेवाइकांची नावे देऊ नयेत. कित्येक अर्जांत तशी स्पष्ट सूचनाच असते. बरोबरीच्या मित्राचे नाव देऊ नये. ज्यांनी आपल्याला काम करताना कधीही पाहिलेले नाही अशा पुढाऱ्यांचे वा प्रतिष्ठितांचे नाव देऊ नये. विचारणारा पहिला प्रश्न बहुधा हाच करतो की आपण यांना किती वर्षांपासून आणि कोणत्या नात्याने ओळखता. तिथेच ते नाव उघडे पडते. ज्यांच्याशी कटुतेने संबंध तुटले त्यांचे नावही टाळावे.

आणखी एक मोह आवरावा. कोणी सद्भावनेने म्हणतात, "काय सांगायचे ते सांग, मी तसे बोलतो." न पाहिलेले पाहिले म्हणून सांगायला लावणे म्हणजे आपल्या नोकरीसाठी दुसऱ्याला असत्य बोलण्यास प्रवृत्त करणे होय. रोज पंचशील म्हणत लहानाचे मोठे झालेल्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

विचारावे कसे

नाव देण्यापूर्वी परवानगी घ्यावी. शक्य असेल तर प्रत्यक्ष भेटावे, नाहीतर दूरध्वनी करावा; केवळ व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकून मोकळे होऊ नये. विचारताना समोरच्याला नकार देण्याची वाट ठेवावी. "माझ्या कामाविषयी तुम्हाला मोकळेपणाने सांगता येईल का?" असा प्रश्न करावा. कोणी टाळाटाळ केली तर वाईट वाटून न घेता दुसरे नाव शोधावे. अर्धवट मनाने दिलेला संदर्भ नकारापेक्षा अधिक नुकसान करतो.

होकार मिळाल्यावर चार गोष्टी त्यांच्या हाती द्याव्यात : आपला बायोडाटा, नोकरीची जाहिरात, अर्जाची शेवटची तारीख, आणि त्यांच्याकडे आपण केव्हा, कोणते काम केले याची पाच-सहा ओळींची टिपण. माणसे विसरतात, टिपणाने आठवण ताजी होते. अनोळखी क्रमांकावरून फोन येईल, तो कृपया उचलावा, हेही सांगून ठेवावे. गावाकडचे व्यावसायिक इंग्रजीत बोलावे लागेल या धास्तीने बिचकतात. मराठीत बोलले तरी चालेल, असे त्यांना आवर्जून सांगावे. पुण्याच्या परिसरातील बहुतेक कंपन्यांत मराठी जाणणारा माणूस असतोच.

लेखी पत्र हवे असेल तर किमान पंधरा दिवस आधी कळवावे. संशोधन संस्था आणि परदेशी विद्यापीठे ही पत्रे बहुधा थेट प्राध्यापकांकडूनच मागवून घेतात. अर्जदाराला ती पाहता येत नाहीत. म्हणून व्यक्तीची निवडच नीट व्हावी लागते. आणि नोकरी मिळो वा न मिळो, निकाल त्यांना अवश्य कळवावा. काम झाल्यावर न फिरकणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारण्याचे तोंड राहत नाही.

संदर्भव्यक्तीचे दूरध्वनी क्रमांक सर्वत्र वाटल्या जाणाऱ्या बायोडाटावर छापू नयेत. 'मागणीनुसार कळविले जातील' एवढे लिहून, मुलाखतीचा टप्पा आल्यावर ते द्यावेत.

सरकारी नोकरीच्या बाबतीत

महाराष्ट्र लोकसेवा आयोगासारख्या स्पर्धा परीक्षांत निवड गुणांवर होते. तिथे शिफारसीला स्थान नाही. उलट वशिला लावण्याचा प्रयत्न केल्यास उमेदवार अपात्र ठरू शकतो, अशा सूचना जाहिरातींतच असतात. केंद्र सरकारच्या नोकरीत निवड झाल्यावर मात्र 'अटेस्टेशन फॉर्म' भरावा लागतो आणि त्यात आपल्याला ओळखणाऱ्या दोन जबाबदार व्यक्तींची नावे विचारतात. ही नावे चारित्र्य पडताळणीसाठी असतात. तिथे आपल्या वस्तीतील, आपले घर आणि वागणूक माहीत असलेली, सहज भेटू शकणारी माणसे द्यावीत. शिक्षक, ग्रामसेवक, डॉक्टर किंवा निवृत्त कर्मचारी शेजारी असतील तर ते योग्य होत.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना

पालकांना आमची विनंती आहे की मुलासाठी पुढाऱ्यांच्या दारी खेपा घालू नयेत. त्याऐवजी मुलाला विचारावे, "तुझे काम कोणी पाहिले आहे?" प्रथम वर्षापासूनच हा प्रश्न विचारत राहिले, तर तिसऱ्या वर्षी रकाना रिकामा राहणार नाही. संदर्भ अर्जाच्या दिवशी शोधून मिळत नसतो. तीन-चार वर्षांच्या वागण्यातून तो तयार होतो.

नोकरीत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांची जबाबदारी याहून मोठी आहे. आपल्या धाकट्या भावंडांना ओळखींचे जाळे घरातून मिळणार नाही. ते आपणच व्हायचे आहे. परंतु न पाहता कोणासाठी शब्द टाकू नका. सुट्टीत एखाद्याला आपल्या कार्यालयातले वा दुकानातले छोटे काम द्या, एखादा प्रकल्प तपासून द्या, आणि मग जे पाहाल तेच सांगा. "हुशार आहे, कष्टाळू आहे" अशा शब्दांनी काही साधत नाही. एक प्रसंग सांगितला तर तो ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतो.

प्रारंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याने पुढच्या अर्जात दुकानमालकांचे नाव दिले. परवानगी मागायला तो गेला तेव्हा शेठ क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "माझं नाव? लिही की." कंपनीचा फोन आल्यावर त्यांनी मराठीत एवढेच सांगितले, "तीन दिवाळ्यांच्या वह्या यानं लिहिल्या. एकदा अकरा रुपयांचा फरक येत होता. मी म्हणालो, जाऊ दे, सोडून दे. रात्री साडेदहाला फरक सापडला, तेव्हा हा उठला."

तो आज त्या कंपनीच्या लेखाविभागात आहे. गेल्या वर्षी शाळेत आला होता तेव्हा त्याने बारावीच्या मुलांसमोर हीच गोष्ट सांगितली, आणि शेवटी आपला दूरध्वनी क्रमांक फळ्यावर लिहून ठेवला.